ऑलिम्पस टफ टीजी-६: फोटोबरोबर त्याची हकिगतही जपणारा कॅमेरा

टीजी-६ चा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) १/२.३ इंचाचा आहे, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मेगापिक्सल १२, झूम चार पट, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. एवढं वाचून पुष्कळ लोक पान उलटतील, कारण आज बऱ्याच चांगल्या फोनमध्येही याहून मोठा सेन्सर असतो. तरीही निसर्ग, प्रवास आणि यंत्रं या तिन्हींचं वेड असलेल्या हौशी माणसाला एकच कॅमेरा सुचवायचा झाला, तर मी हाच सुचवेन. तो का, हे सांगायला मला आकड्यांपेक्षा माझे काही फोटो जास्त उपयोगी पडतील.

मी कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीचं काम करते. गिअरबॉक्स, पंप, बेअरिंग यांच्यात दिवस जातो. सुट्टी मिळाली की डोंगर. चालताना दगडफूल, शेवाळ, किडे दिसले की मी खाली बसते आणि सोबतची मंडळी पुढच्या वळणावर वाट बघतात. हा कॅमेरा या दोन्ही ठिकाणी माझ्याबरोबर असतो: कारखान्यात डगल्याच्या खिशात, डोंगरात सॅकच्या पट्ट्याला. बॅटरी आणि कार्ड धरून वजन साधारण अडीचशे ग्रॅम, त्यामुळे तो घरी ठेवून जायचं काही कारणच उरत नाही.

हौशी फोटोबद्दल माझं एक ठाम मत आहे. सूर्यास्त, धबधबा, रेल्वेचं इंजिन, या सगळ्यांचे आपल्यापेक्षा देखणे फोटो आधीच कुणीतरी काढलेले असतात. आपल्या फोटोत आपलं असं जे असतं, ते म्हणजे तो कुठे, कधी, कशा हवेत, कुठल्या बाजूने आणि कशासाठी काढला. ही हकिगत हरवली की फोटो अनाथ होतो. काही वर्षांनी आपल्यालाच तो बघून ‘हे कुठलं बरं?’ असा प्रश्न पडतो. टीजी-६ मला आवडतो तो या जागी. यातली निम्मी हकिगत तो स्वतःच लिहून ठेवतो, आणि उरलेली जिथे घडते तिथपर्यंत तो आपल्याला जाऊ देतो.

आधी लिहून ठेवण्याबद्दल. कॅमेऱ्यात जीपीएस, हवेचा किंवा पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर, तापमापक आणि होकायंत्र आहे. फोटोबरोबर जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची किंवा पाण्यातली खोली, तापमान, दाब आणि कॅमेरा कुठल्या दिशेला रोखला होता ते साठवलं जातं. वरच्या बाजूला ‘लॉग’ नावाची एक छोटी कळ आहे. ती सरकवली की फोटो काढा वा न काढा, चाललेली वाट नोंदली जाते आणि नंतर फोनवरच्या अॅपमध्ये नकाशावर बघता येते. कॅमेरा बंद असतानाही ‘इन्फो’ बटण दाबलं की त्या क्षणाचे आकडे पडद्यावर येतात. माथ्यावर गार वारा सुटलेला असताना मी हे बटण फोटोच्या बटणाइतक्याच वेळा दाबते.

या आकड्यांचा उपयोग काय, असं मला विचारलं जातं. तेव्हा मी एका चेपलेल्या बाटलीचा फोटो दाखवते. एका उंच खिंडीच्या माथ्यावर मी पाणी संपवलं, प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती सॅकच्या बाजूच्या कप्प्यात खोचली. तिथे दगडांच्या राशीचा एक फोटोही घेतला. संध्याकाळी खाली दरीत उतरल्यावर बाटली काढली तर ती दोन्ही बाजूंनी आत गेलेली, जणू कुणीतरी मुठीत आवळली होती. ती तशीच दगडावर ठेवून फोटो काढला. फोटो म्हणून त्यात काहीही नाही. पण माथ्यावरच्या फोटोत दाब ६०० हेक्टोपास्कलच्या जवळपास होता आणि खालच्या फोटोत ९०० च्या. म्हणजे वर बाटलीत कोंडलेली हवा खाली आल्यावर दोन-तृतीयांश जागेत मावणार. वरची हवा थंड होती आणि खाली ऊब होती, त्यामुळे प्रत्यक्षात बाटली त्याहून थोडी कमी चेपली असणार. शाळेच्या पुस्तकातला वायूचा नियम दोन फोटोंच्या मधल्या उतारावर घडला होता आणि दोन्ही टोकांचे आकडे माझ्याकडे होते. लहान मुलांना मी हे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवते आणि आकडे त्यांनाच वाचायला लावते. खिंडीतल्या बर्फाच्या शिखरांचे फोटो याच अल्बममध्ये आहेत, पण मुलं थांबतात ती बाटलीपाशी.

मात्र हे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. दाबावरून काढलेली उंची हवामानाबरोबर हलते. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण आठ मीटर. रात्रीत वादळ येऊन दाब दहाने उतरला, तर तंबू जागचा न हलता ऐंशी मीटर ‘चढतो’. त्यामुळे उंचीची पाटी दिसली की तिथे आकडा जुळवून घ्यावा. तापमापक कॅमेऱ्याच्या अंगात आहे. कॅमेरा हातात धरला की हाताची ऊब त्याला लागते आणि व्हिडिओ काढत राहिलं की आतली. हवेचं तापमान खरंच हवं असेल तर कॅमेरा सावलीत, हाताबाहेर थोडा वेळ टांगून ठेवावा. आणि होकायंत्र लोखंडाजवळ भरकटतं. इंजिनाशेजारी उभं राहून काढलेल्या फोटोंतली दिशा मी कधीच खरी धरत नाही. मोकळ्यावर आल्यावर कॅमेरा हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून होकायंत्र पुन्हा ताळ्यावर आणावं लागतं. दाट झाडीत किंवा अरुंद घळीत जीपीएसला आकाश दिसत नाही, तिथे जागा सापडायला वेळ लागतो. हे सगळं माहीत असलं की आकडे फार कामाचे आहेत.

आता या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण. डायलवर सूक्ष्मदर्शकाचं चिन्ह आहे. तिथे आलं की भिंग वस्तूपासून एक सेंटिमीटरवरही फोकस करतं. मोठ्या कॅमेऱ्यावर असं काही करायला वेगळं मॅक्रो भिंग, स्टँड, फ्लॅश असा संसार लागतो आणि तरीही फोकसमध्ये येणारा पट्टा कागदाइतका पातळ असतो. इथे लहान सेन्सरच कामी येतो, कारण तो लहान असल्यामुळे फोकसची खोली जास्त मिळते. ज्या गोष्टीने हा कॅमेरा संध्याकाळच्या उजेडात कमी पडतो, तीच त्याला मुंगीच्या डोळ्यापर्यंत नेते. त्यावर ‘फोकस स्टॅकिंग’ आहे: कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत ओळीने फोटो घेतो आणि त्यांतला स्पष्ट भाग जोडून एक फोटो तयार करून देतो. किती फोटो घ्यायचे ते ३ ते १० मध्ये आपण ठरवायचं. ‘फोकस ब्रॅकेटिंग’मध्ये तो जोडत नाही, सगळे सुटे फोटो हाती देतो. जोडकाम नंतर संगणकावर करायचं.

सुटे फोटो ठेवण्याचं महत्त्व मला शेवाळाने शिकवलं. ओल्या भिंतींवर जे मखमली, हिरवं मॉस असतं, त्याला कधी कधी बारीक देठांवर टोपीवाली संपुटं, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या कुप्या, येतात. एक-दोन मिलिमीटरचं संपुट. टोपी गळून पडली की तोंडाशी दातांचं कडं दिसतं. अनेक जातींत ते दात १६ असतात. हे दात हवेतल्या ओलाव्याने हलतात. बऱ्याच जातींत कोरड्या हवेत ते उघडतात आणि बीजाणू वाऱ्यावर जातात, ओल्या हवेत मिटतात. मी जमिनीवर पालथी पडून, भिंग संपुटाला जवळजवळ टेकवून फोटो घेत होते. जोडलेला फोटो पडद्यावर आला तेव्हा दातांना दुहेरी कडा दिसल्या. वारा अजिबात नव्हता, देठ स्थिर होता, मागची पानं एकदम स्पष्ट होती. फक्त दात हलले होते. मग ब्रॅकेटिंग लावून सुटे फोटो घेतले आणि एकामागून एक बघितले, तर दात हळूहळू आत वळत होते. कॅमेऱ्यामागे माझं तोंड होतं. माझ्या श्वासातल्या ओलाव्याने ते मिटत होते. श्वास रोखून धरला, मान बाजूला वळवली, की थोड्या वेळाने पुन्हा उघडायचे. मी तिथे किती वेळ पडून होते ते आठवत नाही, पण एका वनस्पतीने माझ्या श्वासाला दिलेलं उत्तर मी डोळ्यांनी बघत होते. ती दुहेरी कडांची, ‘बिघडलेली’ प्रत मी आजही जपून ठेवली आहे. खाली सगळं लिहून ठेवलंय.

अशी नोंद ठेवणाऱ्या हौशी माणसांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्याने १८८५ साली घडीचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांहून जास्त हिमकण टिपले. त्याच्या हिमफुलांची नक्षी सगळ्यांनी पाहिलेली असते. मला जास्त ओढ वाटते ती त्याच्या वह्यांची. तो प्रत्येक हिमवृष्टीची हवा, थंडी, वारा लिहून ठेवायचा, कारण कुठल्या हवेत कुठला आकार येतो हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आज कॅमेरा आपण न सांगता तापमान आणि दाब लिहितो, हे बेंटलीने पाहिलं असतं तर त्याला फार आनंद झाला असता असं मला वाटतं.

जवळून काढताना उजेडाची अडचण येते. भिंग एक सेंटिमीटरवर आलं की कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते. त्यासाठी एलजी-१ नावाची एक पारदर्शक कडी मिळते. ती भिंगाभोवती बसवली की कॅमेऱ्यातल्या एलईडीचा उजेड कडीतून फिरून चारी बाजूंनी वस्तूवर येतो. फ्लॅश पसरवणारी एफडी-१ ही कडीही आहे, आणि पळणाऱ्या किड्यांसाठी तीच बरी, कारण फ्लॅशचा झगमगाट क्षणाचा असल्याने हालचाल गोठते. दगडफुलासाठी, मॉससाठी एलजी-१.

यंत्रांसाठी मात्र मी कडी काढून टाकते, आणि याचं कारण एका तुटलेल्या बोल्टच्या फोटोत आहे. एका पंपाचा पायाचा बोल्ट तुटला. तुटलेला तुकडा हातात घेतला तर पृष्ठभाग मळकट, सपाट, एका कडेला खडबडीत. एलजी-१ लावून फोटो घेतला तर सगळीकडून सारखा उजेड पडला आणि काहीच दिसेना. मग कडी काढली, कॅमेऱ्यातला दिवा बंद केला आणि छोटी टॉर्च जवळजवळ आडवी धरून तिरपा उजेड टाकला. पडद्यावर ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटतात तशा रेषा उभ्या राहिल्या. आमच्याकडे त्यांना ‘बीच मार्क’ म्हणतात. एका आट्याच्या तळापासून त्या कमानीसारख्या पसरत गेल्या होत्या आणि शेवटच्या कडेला दाणेदार भाग होता. याचा अर्थ हा बोल्ट एका झटक्यात तुटलेला नव्हता. आट्याच्या खाचेत ताण एकवटतो, तिथे बारीक तडा सुरू झाला. यंत्र चालू-बंद होताना, भार कमी-जास्त होताना तो थोडा थोडा पुढे सरकत राहिला. उरलेलं धातूचं क्षेत्र भार पेलेनासं झालं तेव्हा शेवटचा भाग एकदम फाटला. दाणेदार पट्टा लहान होता, म्हणजे शेवटी बोल्टवर भार तसा बेताचाच होता, तड्यानेच त्याला खाल्लं होतं. म्हणून जाड बोल्ट घालण्याऐवजी आम्ही पंपाची कंपनं आणि बोल्टची आवळणी तपासायला घेतली. हा फोटो मी कामासाठी काढला, पण सुट्टीतल्या फोटोंच्या अल्बममध्येही तो आहे, मॉसच्या दातांच्या शेजारी. दोन्हींत पृष्ठभागावर काळ लिहिलेला दिसतो.

कारखान्यात या कॅमेऱ्याचा आणखी एक फायदा आहे. तेल, धूळ, पाण्याचे शिंतोडे यांची त्याला भीती नाही. काम झालं की नळाखाली धुता येतो. कंपनी १५ मीटर खोल पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोचा भार आणि उणे १० अंश थंडी एवढं सोसण्याची हमी देते. मला एवढी परीक्षा घ्यायची गरज पडलेली नाही. धबधब्याच्या तुषारांत, पावसात, ओढ्याच्या काठावर गुडघाभर पाण्यात तो बिनधास्त वापरायचा, बस्स. भिंगापुढची काच दुपदरी आहे, त्यामुळे आतून वाफ धरणं बरंच टळतं. बॅटरीच्या आणि केबलच्या झाकणांना दोन-दोन कुलपं आहेत. पाण्यात उतरण्याआधी रबरी सीलवर केस किंवा वाळूचा कण अडकलेला नाही ना हे बोट फिरवून बघायचं, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवायचा. पाण्याखालच्या फोटोंसाठी वेगळा मोड आहे, पाण्याखाली चालणारा सूक्ष्मदर्शक मोडही आहे. ओढ्यातल्या दगडांखालच्या अळ्या मी त्यानेच टिपते.

इथवर कौतुक झालं. आता जिथे हा कॅमेरा हात बांधतो ते सांगते, कारण चालत्या यंत्रांच्या फोटोंत ते फार जाणवतं.

यात शटरचा वेग, म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते, आपण ठरवू शकत नाही. पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटर-प्राधान्याचा मोडही नाही. अॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत येण्याच्या छिद्राचा, मोड आहे, पण त्यात तीनच पायऱ्या, आणि तिसरी पायरी म्हणजे खरं तर उजेड अडवणारा एनडी फिल्टर. एवढ्या लहान सेन्सरवर छिद्र फार बारीक केलं की विवर्तनामुळे (छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्याने) फोटो मऊ पडतो, म्हणून ही योजना केलेली आहे. समजण्याजोगी आहे, पण वाफेच्या इंजिनासमोर उभं राहिल्यावर पुरत नाही.

वाफेच्या इंजिनाच्या चाकांवर दांड्यांचा जो खेळ चालतो, तो मला जगातल्या सगळ्या यंत्रांत सुंदर वाटतो. पुष्कळ इंजिनांवर दिसणारी रचना बेल्जियमच्या एगिद वाल्शार्त्सने १८४४ मध्ये काढली. मुख्य चाकाच्या क्रँकवर, म्हणजे दांडा जोडायच्या खुंटीवर, एक छोटा उलटा क्रँक बसवलेला असतो. तो एका वाकड्या दुव्याला मागे-पुढे झुलवतो, पिस्टनकडून येणारी दुसरी हालचाल त्यात मिसळते, आणि दोन्ही मिळून वाफ कधी आत सोडायची, कधी कोंडायची ते ठरवतात. चालकाने आत लिव्हर हलवला की त्या दुव्यातला दांडा वर-खाली होतो आणि इंजिन पुढे जायचं की मागे, हेही तिथेच ठरतं. हे फोटोत दाखवायचं तर चाकाच्या आऱ्या फिरताना पुसट आणि इंजिनाचं धड स्थिर हवं. त्यासाठी शटर मंद लागतं. फार जलद शटरने धावतं इंजिन उभं असल्यासारखं दिसतं.

यावर मी काढलेली वाट अशी. अॅपर्चर मोडमध्ये तिसरी पायरी, आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १०० वर बांधलेला, आणि इंजिन सावलीतून जाताना, शक्यतो ढगाळ हवेत, कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत फोटो घ्यायचा. मग शटर आपसूक मंदावतं. कडक उन्हात हे जमत नाही. मनासारखा एक फोटो मिळालाय. त्यात कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा जोर चाकाला देणारा दांडा) एक रुपेरी पट्टा झालाय, उलट्या क्रँकची फक्त गोल वाट दिसते आणि मागचं गवत आडवं ओढलं गेलंय. फोटोखाली मी लिव्हरची स्थिती लिहिलीय, कारण दुव्यातला दांडा खाली होता, म्हणजे लिव्हर पुढे जाण्यासाठी लावलेला होता. हे कुठलाही सेन्सर नोंदवत नाही, ते आपण बघून लिहायचं.

उलट, फार वेगाने फिरणाऱ्या वस्तूंबाबत कॅमेरा वेगळीच गंमत करतो. व्हिडिओत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. विमानाचा पंखा त्यात केळीच्या पानासारखा वाकलेला किंवा तुटलेल्या तुकड्यांत येतो. अनेकांना हा दोष वाटतो. मला तो यंत्राचा वेग दाखवणारा पुरावा वाटतो, आणि यालाही थोर पूर्वज आहे. फ्रान्समध्ये झाक आँरी लार्तीग नावाच्या तरुणाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारशर्यतीचा एक फोटो काढला. त्यात मोटारीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेत. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची चीर उभी सरकत होती आणि तो मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण मोटार त्याच्यापेक्षा वेगात होती. म्हणून चाक एकीकडे, माणसं दुसरीकडे. पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे फोटो मांडले तेव्हा जगाला या हौशी माणसाची ओळख झाली. त्या फोटोतली यांत्रिक कारणं कळल्यावर तो मला कितीतरी पटीने जास्त आवडू लागला. हकिगत कळल्याने फोटोची जादू कमी होते असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ‘प्रो कॅप्चर’ मोडमध्ये बटण अर्धं दाबून ठेवलं की पूर्ण दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाचे फोटोही मिळतात. पाखराची झेप, थेंबाची धडक यासाठी मोलाचं. ताऱ्यांच्या वाटांसाठी अनेक फोटो एकावर एक रचणारा ‘लाइव्ह कंपोझिट’ मोड आहे आणि काम भागवतं, पण रात्रीच्या आकाशासाठी म्हणून हा कॅमेरा कुणी घेऊ नये. अंधाऱ्या शेडमध्ये, दाट जंगलात संध्याकाळी फोटोंवर रवाळपणा येतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने हात न लावलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नंतर सुधारला तरी तो पुरता जात नाही. पडदा जागेवर पक्का बसवलेला आहे, त्यामुळे जमिनीलगतच्या वस्तूसाठी खरोखर जमिनीवर झोपावं लागतं. जीपीएस आणि लॉग दिवसभर चालू ठेवले तर बॅटरी संध्याकाळ बघत नाही. लांबच्या वाटेवर मी लॉग चालू ठेवते आणि पडद्याचा उजेड कमी करते.

फोटो इतरांना पाठवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. फोटोतली ही सगळी माहिती ज्या एक्झिफ नावाच्या पद्धतीने साठवली जाते, ती १९९५ पासून आहे, पण बरेच मेसेजिंग अॅप फोटो पाठवताना ती पुसून टाकतात. त्यामुळे मूळ फाइल वेगळी जपावी आणि हकिगत दोन-चार ओळींत फोटोच्या वर्णनातही लिहावी. दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट. दुर्मीळ ऑर्किड, घरटं, प्राण्याचं बीळ यांचा फोटो जगापुढे ठेवायचा असेल तर जागेचे आकडे आपण होऊन काढून टाकावेत. तोडणारे आणि पकडणारे लोकही नकाशे वाचतात. ऑर्किडच्या फोटोंवर मी फक्त महिना आणि उंची ठेवते, जागा माझ्या वहीत.

टीजी-६ हा २०१९ चा कॅमेरा. त्यानंतर ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये ओएम सिस्टम या नावाने टीजी-७ आला. भिंग आणि सेन्सर त्याच घडणीचे. केबलसाठी यूएसबी-सी आलं, उभे व्हिडिओ आले, पकड थोडी सुधारली. नवीनच घेणार असाल तर अर्थातच टीजी-७ घ्या, वर लिहिलेलं जवळपास सगळं त्यालाही लागू आहे. टीजी-६ चांगल्या अवस्थेत हाती असेल तर मात्र बदलू नका. त्याऐवजी एलजी-१ कडी, एक जादा बॅटरी आणि तिरप्या उजेडासाठी बोटाएवढी टॉर्च घ्या. आणि रबरी सील वर्षातून एकदा बदलून घ्या, मग ते खराब दिसो वा न दिसो.